झाकण घट्ट लावा, डबी उंच ठेवा



आपल्या वयात प्रत्येक घरात औषधांची एक पिशवी असते. रक्तदाबाची गोळी, मधुमेहाची गोळी, हृदयाची, गुडघ्यांची. नातवंडं मुक्कामाला आली की हीच पिशवी त्यांच्या हाताला लागते.

मी अमेरिकेत बरीच वर्षं औषधांच्या दुकानात काम केलं. वयस्कर गिऱ्हाइकांची नेहमीची तक्रार एकच, "हे झाकण उघडतच नाही हो!" कायद्याप्रमाणे त्यांना साधं झाकण मागून घेता येतं, आणि पुष्कळजण मागतातही. पण हे दाबून फिरवायचं झाकण कशासाठी आलं, ते ऐका.

त्या काळी अमेरिकेत लहान मुलांसाठी संत्र्याच्या चवीच्या ॲस्पिरिनच्या गोळ्या मिळत. मुलं त्या गोड खाऊ समजून मूठभर खात आणि दगावत. १९५३ साली शिकागोत पहिलं विषनियंत्रण केंद्र निघालं. १९६२ पासून दर मार्चचा तिसरा आठवडा विषबाधा टाळण्याच्या प्रचारासाठी पाळला जातो. १९७० च्या डिसेंबरात कायदा झाला, की धोकादायक औषधांना पाच वर्षांखालच्या मुलांना सहज उघडणार नाही असंच झाकण हवं. त्यानंतर ॲस्पिरिनने होणारे बालमृत्यू खूपच घटले.

शाळांनीही हातभार लावला. विषाच्या बाटलीवर पूर्वी कवटी आणि हाडं काढत. पण पिट्सबर्ग शहराच्या बेसबॉल संघाचं नाव 'पायरेट्स', म्हणजे समुद्री चाचे. तिथल्या मुलांना कवटीची भीती कुठली वाटणार? म्हणून १९७१ साली तिथल्या बालरुग्णालयाने मुलांनाच वेगवेगळी चित्रं दाखवली. जीभ बाहेर काढलेला, आजारी दिसणारा हिरवा चेहरा मुलांना सर्वांत नकोसा वाटला. त्याचं नाव 'मिस्टर यक'. त्याची चिकटपट्टी शाळाशाळांतून घरोघरी पोचली.

आता आपल्या कामाची गोष्ट. हे झाकण पारखायला साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या मुलांना बसवतात. पाच मिनिटं नुसती डबी देतात, मग उघडून दाखवतात आणि आणखी पाच मिनिटं देतात. शंभरातल्या ऐंशी मुलांना उघडलं नाही, की झाकण पास! म्हणजे वीस मुलं दहा मिनिटांत ते उघडू शकतात. झाकण मुलाला थोपवून धरतं, कायमचं अडवत नाही.

आणि ते उघडंच राहिलं तर? पूर्वी मोठ्यांची चाचणी १८ ते ४५ वयाच्या माणसांवर होई. दुखऱ्या बोटांचे आजी-आजोबा झाकण नीट लावतच नाहीत, हे ध्यानात आल्यावर १९९५ साली नियम बदलला. आता ५० ते ७० वयाच्या माणसांना ते उघडता आणि पुन्हा लावता आलं पाहिजे.

तेव्हा नातवंडं येण्याआधी एवढं करा. औषधं कुलपात किंवा उंच कपाटात ठेवा. उशाशी, टेबलावर, पर्समध्ये ठेवू नका. आठवड्याच्या गोळ्यांची सात खणांची डबी बहुधा लहान बोटांनाही उघडते, तीही वर ठेवा. गोळीला 'गोड खाऊ' म्हणू नका. पेसाखच्या साफसफाईची रसायनं सरबताच्या बाटलीत ओतून ठेवू नका.

मुलाने गोळी गिळल्याची नुसती शंका आली, तरी थांबू नका. मधुमेहाच्या काही गोळ्यांपैकी एकच गोळी लहानग्याची साखर धोकादायक उतरवू शकते, आणि तेही काही तासांनी. मूल हसतखेळत आहे म्हणून निश्चिंत राहू नका. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका. डबी हातात घेऊन फोन करा. अमेरिकेत १-८००-२२२-१२२२ हा नंबर दिवसरात्र, फुकट चालतो. इस्राएलमध्ये हैफाच्या रामबाम रुग्णालयाचं विषमाहिती केंद्र आहे, ०४-७७७१९००. मूल बेशुद्ध असेल, आकडी आली असेल किंवा श्वास अडत असेल, तर आधी रुग्णवाहिका बोलवा. अमेरिकेत ९११, इस्राएलमध्ये १०१, भारतात ११२.

आपल्या गावचा नंबर आजच मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवा.