राजीनाम्यावरची सही

कारखाना बंद पडतो म्हणजे एका सकाळी गेटला कुलूप लागते, असे बाहेरच्याला वाटते. खालापूर-खोपोलीच्या पट्ट्यात ज्यांनी तो बंद पडताना पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की तसे क्वचितच घडते. आधी ओव्हरटाइम थांबतो. मग तिसरी पाळी जाते, कंत्राटी पोरांना ‘उद्यापासून येऊ नका’ असे सांगितले जाते, कामगारांची बस बंद होते, आणि सात तारखेचा पगार वीसवर, तिथून पुढच्या महिन्यावर जातो. शेवटी नोटीस बोर्डावर कागद लागतो तोही बहुतेक वेळा कारखाना बंद करण्याचा नसतो, स्वेच्छानिवृत्तीचा असतो. ‘फुल अँड फायनल’ किती मिळणार ते एका रकान्यात आणि त्याच्याखाली सहीसाठी रेघ. बेकार झालेल्या कामगाराला सरकार जी मदत देऊ करते, तिचा निकाल या रेघेवर लागतो, आणि तो तिथे लागणे हा उघड अन्याय आहे.

मदतीची तरतूदच नाही असे कुणी म्हणू नये. कर्मचारी राज्य विम्याची, म्हणजे ईएसआयची, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना 1 एप्रिल 2005 पासून आहे. कारखाना बंद झाला किंवा कामगार कपात झाली तर विमाधारकाला आज 24 महिने भत्ता मिळू शकतो, पहिल्या वर्षी सरासरी पगाराच्या निम्मा, दुसऱ्या वर्षी पाव. ही रक्कम घर चालवू शकते. पण स्वेच्छानिवृत्ती घेतलेला कामगार तिला अपात्र आहे. 2018 च्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतही तेच. तिथला भत्ता आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त 90 दिवसांचा; आधी पगाराच्या 25 टक्के, 2020 पासून 50. महिना 18,000 कमावणाऱ्याच्या हाती सगळे मिळून साधारण 27,000 रुपये. सुरुवातीला हा अर्ज शेवटच्या मालकामार्फत करावा लागे, म्हणजे ज्याने गेट बंद केले त्याच्याच दारी पुन्हा जायचे. ती अट 2020 मध्ये गेली हे चांगले झाले. पण ईएसआयची पगारमर्यादा 2017 पासून 21,000 रुपयांवरच आहे. पाताळगंगा एमआयडीसीतला जुना पर्मनंट ऑपरेटर ती केव्हाच ओलांडून योजनेच्या बाहेर गेलेला असतो, आणि मर्यादेच्या आत असलेल्या कंत्राटी कामगाराचा हप्ता कंत्राटदाराने भरला असेल याची शाश्वती नसते.

मालक स्वेच्छानिवृत्तीचाच रस्ता का धरतात, याचे उत्तर कायद्यातच आहे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार शंभर किंवा जास्त कामगारांचा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागत असे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने ही संख्या तीनशेवर नेली. स्वेच्छानिवृत्तीला परवानगी लागत नाही, आणि ती कायद्याच्या व्याख्येत ‘कपात’ही नाही. कपातीची भरपाई सेवेच्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. ग्रॅच्युइटीही वर्षाला पंधरा दिवसांचीच. नव्या संहितेने कपात झालेल्यांसाठी पुनर्कौशल्य निधी आणला, त्यातही मालकाने भरायचे ते पंधरा दिवसांचे वेतन, आणि ते वर्षामागे नव्हे. वीस वर्षे राबलेल्याला एकूण पंधरा दिवस. ही रक्कम कामगाराच्या खात्यात जमा होते. ती घेऊन कोणते काम कुठे शिकायचे आणि शिकेपर्यंत चूल कशी पेटवायची, याबद्दल संहिता काही सांगत नाही.

खालापूर तालुक्यातच याचा मोठा दाखला आहे. रसायनीची हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स 1960 मध्ये स्थापन झाली, ती मूलभूत रसायने देशातच बनावीत म्हणून. बेंझिनवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणाची प्रक्रिया करायची, त्यातून नायट्रोबेंझिन, आणि त्याला हायड्रोजन देऊन ॲनिलिन. नायट्रोबेंझिनला कडू बदामासारखा वास असतो, ॲनिलिनला कुजक्या मासळीसारखा. ॲनिलिन कातडीतून अंगात जाते, ओठ निळे पडतात. नायट्रेशनमध्ये उष्णता झपाट्याने वाढते, म्हणून काटा जरा चढला की ॲसिडचा ओघ किती कमी करायचा हे ऑपरेटरला क्षणात ठरवावे लागते. हे कसब वर्षानुवर्षांच्या पाळ्यांतून येते, आणि सेवेच्या दाखल्यावर त्याची एक ओळही नसते. मग 1991 मध्ये कमाल आयात शुल्क 150 टक्क्यांवर आले, 2007 पर्यंत बिगरशेती मालावर 10 टक्क्यांवर. परदेशातल्या अवाढव्य कारखान्यांचा माल स्वस्तात उतरू लागला. मे 2017 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीचे प्रकल्प बंद करायचे ठरवले. इस्रोकडे गेलेला नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा प्रकल्प तेवढा वाचला. 442 एकर जमीन भारत पेट्रोलियमला 618.80 कोटींना देण्याचे ठरले, आणि त्या पैशातून जी देणी भागवायची होती त्यांत कामगारांचे थकलेले पगारही होते. कंपनीच्या कोचीच्या कारखान्यात किंवा इस्रोकडे ज्यांची सोय झाली नाही त्यांच्यासाठी वाट एकच, स्वेच्छानिवृत्ती. ज्यांना जायला दुसरी जागाच ठेवली नव्हती त्यांच्या सहीला स्वेच्छा मानणारे सरकार इथे स्वतःच मालक होते.

यावर पहिला आक्षेप असा की रसायनीला केवळ आयातीने मारले नाही. यंत्रे जुनी होती, क्षमता अपुरी होती, खेळते भांडवल नव्हते. हे खरे आहे. पण एकच कारण सिद्ध करण्याची गरज नाही. अमेरिकेत 1962 पासून व्यापारामुळे विस्थापित झालेल्या कामगारांसाठी मदत योजना होती. तिच्यात तीन कामगारांनी मिळून अर्ज केला तरी कामगार खाते चौकशी करी, आणि काम परदेशी गेल्याचा किंवा आयातीचा रोजगार जाण्यात महत्त्वाचा वाटा दिसला की त्या गटातल्या सगळ्यांना प्रमाणपत्र मिळे. कुणी कोणत्या कागदावर सही केली, हा तिथला मुख्य प्रश्न नव्हता. ती योजना निर्दोष नव्हती, तिच्या प्रशिक्षणाच्या फलिताविषयी बरेच वाद झाले, आणि जुलै 2022 पासून मुदत न वाढल्याने नवे अर्ज घेणे थांबले. तरी कारण कारखान्याचे तपासायचे, कामगाराचे नाही, ही तिची रीत आपण घेण्यासारखी आहे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. वीटभट्टीवरच्या कातकऱ्याला काहीच मिळत नसताना गणवेशातल्या कामगाराला खास मदत का? कातकऱ्याला मिळायलाच हवे, आणि ते न मिळणे हे दुसऱ्याला नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. शिवाय आयात शुल्क सरकार ठरवते. त्याचा लाभ स्वस्त मालाच्या रूपाने देशभर वाटला जातो आणि तोटा रसायनीजवळच्या मोहोपाड्यासारख्या एका बाजारपेठेवर येऊन पडतो. जो तोटा धोरणाने केला तो धोरणानेच भरून द्यायला हवा. पैसा नाही हे उत्तरही टिकत नाही. जुलै 2019 मध्ये ईएसआयची वर्गणी साडेसहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आणली, आणि तेव्हा अटल योजनेतला बेकारी भत्ता पाव पगारावर होता. 1992 च्या राष्ट्रीय नूतनीकरण निधीत फेरप्रशिक्षणाचे उद्दिष्ट होते, पण बहुतेक पैसा सरकारी कंपन्यांच्या स्वेच्छानिवृत्तीवरच गेला. एकरकमी पैसा वाईट नसतो. पण तो थकलेले हप्ते आणि उधारी फेडण्यात लवकर संपतो, आणि नायट्रेशन सांभाळलेला माणूस कर्जतच्या एखाद्या फार्महाऊसच्या फाटकावर बारा तासांची वॉचमनकी धरतो.

म्हणून मदतीचा दाखला कारखान्याला लावावा. सलग तीन महिने पगार थकला किंवा उत्पादन थांबले की कामगार आयुक्तालयाने चौकशी करावी, मागणी करायला तीन कामगारही पुरेसे असावेत. दाखला निघाला की हजेरीपटावरचा पर्मनंट, कंत्राटदाराच्या यादीतला कंत्राटी आणि स्वेच्छानिवृत्तीवर सही केलेला, तिघेही भत्त्याला पात्र ठरावेत, आणि भत्ता पहिला पगार थकला त्या महिन्यापासून मोजावा.