एका लिटरपासून पंधरा हजार लिटरपर्यंत

यीस्ट, जिवाणू आणि बुरशी यांच्याकडून, किंवा त्यांच्यातून वेगळ्या काढलेल्या विकरांकडून, इंधने, औषधांचे घटक आणि प्लास्टिकचा कच्चा माल तयार करून घेण्याच्या विद्येला औद्योगिक जैवतंत्रज्ञान म्हणतात. या क्षेत्रात कल्पनांची टंचाई नाही. जनुके वाचणे आणि लिहिणे स्वस्त झाल्यापासून परक्या वनस्पतीची जनुके यीस्टमध्ये बसवण्याचे काम कित्येक विद्यापीठांच्या आवाक्यात आले आहे. टंचाई आहे ती प्रयोगशाळेतल्या चंबूत घडलेली गोष्ट कारखान्याच्या टाकीतही घडते का, हे तपासण्याच्या जागांची आणि ते तपासणाऱ्या अनुभवी माणसांची. ही उणीव एकट्या देशाने भरून काढण्याऐवजी अनेकांनी मिळून भरून काढावी, या विचारातून युरोपात ‘इबिस्बा’ ही सामायिक संशोधन-व्यवस्था आकाराला आली.

मूळ अडचण भौतिकीची आहे. टाकीची लांबी-रुंदी-उंची वाढवत नेली की आकारमान घनाच्या प्रमाणात वाढते आणि पृष्ठभाग मात्र वर्गाच्याच प्रमाणात, त्यामुळे वाढणाऱ्या पेशींनी निर्माण केलेली उष्णता बाहेर काढायला टाकीची भिंत अपुरी पडू लागते. ऑक्सिजनचे गणित याहून कठीण असते. हवेच्या संपर्कातील ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तो प्रतिलिटर जेमतेम ७ ते ८ मिलिग्रॅम विरघळतो आणि दाट वाढलेल्या पेशी तेवढा साठा काही सेकंदांत संपवतात, म्हणून हवा अखंड सोडावी लागते आणि द्रव अखंड ढवळावा लागतो. लहान किण्वकात, म्हणजे तापमान, आम्लता आणि हवा यांवर नियंत्रण असलेल्या पात्रात, वरून सोडलेली साखर क्षणात सर्वत्र पसरते. हजारो लिटरच्या किण्वकात तिला पसरायला कितीतरी अधिक वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात साखरेच्या नळीजवळची पेशी अतिपोषणाला, तर तळाशी गेलेली पेशी उपासमारीला सामोरी जाते. हे हेलकावे सोसणारा वाण आणि न सोसणारा वाण चंबूत अगदी सारखेच दिसू शकतात. म्हणूनच आता उलट दिशेनेही प्रयोग होतात: दोन छोटी पात्रे नळीने जोडून, एकात साखर भरपूर आणि दुसऱ्यात ऑक्सिजन कमी ठेवून, मोठ्या टाकीतली विषमता टेबलावरच निर्माण केली जाते आणि नाजूक वाण लाखोंचा खर्च होण्याआधीच बाजूला काढले जातात.

चंबू आणि कारखाना यांच्या मधल्या या टप्प्याचे मोल आर्टेमिसिनिन या हिवतापावरील औषधाच्या इतिहासात स्पष्ट दिसते. त्याचे पूर्वद्रव्य असलेले आर्टेमिसिनिक आम्ल यीस्टकडून मिळवल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा उत्पादन प्रतिलिटर सुमारे १०० मिलिग्रॅम होते. २०१३ मध्ये ते २५ ग्रॅमपर्यंत पोहोचले. या अडीचशेपट वाढीमागे नव्याने सापडलेली जनुके होतीच, पण यीस्टला काय आणि कधी खाऊ घालायचे, आणि तयार झालेले आम्ल तेलकट द्रावकाच्या थरात कसे खेचून घ्यायचे, हे किण्वनाचे कौशल्यही होते.

असे कौशल्य युरोपात आहे, पण विखुरलेले. बेल्जियममध्ये गेंट बंदरात एका जुन्या अग्निशमन केंद्राच्या इमारतीत उभ्या राहिलेल्या पायलट प्लांटमध्ये १५,००० लिटरपर्यंतचे किण्वन करता येते, जर्मनीत लॉयना येथे आणि नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट येथेही अशा सोयी आहेत, तर वाण घडवण्याचे स्वयंचलित यंत्रसामर्थ्य दुसऱ्याच शहरांत एकवटले आहे. इबिस्बाची पहिली युरोपीय योजना डिसेंबर २०१७ मध्ये फ्रान्समधील तूलूझ येथील शेतीसंशोधन संस्थेच्या नेतृत्वाखाली सुरू झाली आणि संशोधन-व्यवस्थांच्या युरोपीय आराखड्यात २०१८ मध्ये तिला स्थान मिळाले. नवी इमारत बांधण्यापेक्षा असलेल्या सोयी जोडून एकाच दारातून त्या संशोधकांना उपलब्ध कराव्यात, हा तिचा मार्ग आहे.

या जोडणीचे खरे काम मात्र नोंदींच्या पातळीवर चालते आणि बाहेरून ते कमी लेखले जाते. एका शहरात यशस्वी ठरलेला वाण दुसऱ्या शहरात तसाच वागावा, यासाठी ढवळणीचा वेग, हवेचा प्रवाह आणि विरघळलेला ऑक्सिजन यांच्याबरोबरच विरजणासारख्या घातलेल्या बीज-संवर्धाचे वय, फेसनाशकाची मात्रा आणि यीस्ट-अर्काचा घाणा कोणता होता, हेही लिहून ठेवावे लागते, कारण या अर्काचा प्रत्येक घाणा सारखा नसतो. विदा शोधता यावी, मिळवता यावी, इतर विदासंचांशी जोडता यावी आणि पुन्हा वापरता यावी, ही २०१६ मध्ये मांडली गेलेली चार तत्त्वे येथे रोजच्या कामाच्या अटी ठरतात. ज्या यंत्रांत गुंतवणूक झाली त्यांच्याइतकेच या नोंदवह्यांना महत्त्व द्यायला हवे. त्यांच्याविना सामायिक व्यवस्था म्हणजे पत्त्यांची यादी ठरेल.

कायदेशीर चौकट त्यामानाने तयार आहे. युरोपीय संघाच्या २००९ च्या नियमानुसार किमान तीन देश मिळून ‘एरिक’ नावाची संशोधनसंस्था स्थापू शकतात. तिला सर्व सदस्य-राष्ट्रांत कायदेशीर अस्तित्व आणि अटींसह मूल्यवर्धित करातून सूट मिळते. अवघड प्रश्न पैशाच्या कालावधीचा आहे. योजनांचे अनुदान मोजक्या वर्षांचे असते, तर मोठ्या किण्वकाचा स्वभाव ओळखणारा तंत्रज्ञ तयार व्हायला वर्षे जातात आणि अनुदान संपताच तो उद्योगात निघून जाण्याची शक्यता असते. म्हणून सदस्य देशांनी दरवर्षी द्यायच्या वर्गणीचा मुद्दा अशा व्यवस्थांच्या उभारणीत शास्त्रीय आराखड्याइतकाच निर्णायक असतो, आणि त्यावरचा निर्णय प्रयोगशाळांत नव्हे, त्या त्या देशाच्या अर्थखात्यात होतो.