टुरिंग टॉकीज : जत्रेतला तंबू नेमका कशामुळे उठला?

चैत्र लागला की जुन्नर-आंबेगावात यात्रांचा हंगाम सुरू होतो. निमगाव सावासारख्या गावांना तमाशा ठरवायचा तर जवळची पेठ नारायणगावची. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि सुपाऱ्या ठरतात. महाराष्ट्रातल्या मोठ्या जत्रांत तमाशाच्या कनातीजवळ आणखी एक तंबू असायचा, तो सिनेमाचा. गावात थिएटर नाही म्हणून थिएटरच ट्रकमधून गावाकडे यायचं.

धंदा तसा जुना. मुंबईत वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी सिनेमाचा पहिला खेळ झाला. अब्दुलअली युसुफअली १९०१पासून आग्नेय आशियात आणि १९०८नंतर भारतात तंबू घेऊन फिरले. पुढे ते अर्देशीर इराणींचे भागीदार झाले.

तंबूतला सिनेमा चालायचा कसा?

प्रोजेक्टर ट्रकच्या हौद्यातच बसवलेला असे. ट्रक तंबूबाहेर उभा करायचा, जनरेटर सुरू करायचा आणि प्रकाशाचा झोत आत पडद्यावर सोडायचा. ३५ मिमी फिल्मवर सेकंदाला २४ चित्रं. म्हणजे अडीच तासांच्या सिनेमात २ लाख १६ हजार चित्रं आणि साधारण ४.१ किलोमीटर लांबीची फिल्म! फिल्म तुटली तर ऑपरेटर खराब तुकडा कापून तिथेच जोड द्यायचा. दोन-चार चित्रं गेल्याचं कुणाला कळतही नसे.

मग बिघडलं कुठे?

टीव्ही, व्हिडिओ आणि मोबाइलने गर्दी पळवली, हे खरंच. पण टीव्ही आल्यावरही तंबू बरीच वर्षं टिकला होता. मोठा घाव बसला तो प्रिंटच मिळेनाशी झाली तेव्हा. फुजीफिल्मने २०१३पर्यंत सिनेमाची फिल्म बनवणं थांबवलं. त्याच सुमारास आपल्याकडचे वितरकही डिजिटलकडे वळले.

डिजिटल सिनेमाची फाइल कुलूपबंद असते. ती उघडणारी किल्ली ठरावीक मशीनवर, ठरावीक मुदतीपुरतीच चालते. रिळांची पेटी ट्रकमध्ये आली की खेळ तंबूवाल्याच्या हातात असे. आता किल्ली वितरकाकडे आणि मशीनही नवं, महागडं. शिवाय वर्षातले मोजके महिनेच धंदा.

शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात ही ओढाताण दिसते. महाराष्ट्रातल्या तंबूवाल्यांसोबत फिरून केलेला हा माहितीपट २०१६मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला.