खेळाडू विद्यार्थ्यांसाठी शैक्षणिक सवलती व अभ्यासाची सोय : काय मिळते, अर्ज कुठे करावा?

नववी ते बारावीच्या वर्षांत खेळाडूचे सराव शिबिर, प्रवास आणि स्पर्धा वाढतात. शाळा बुडते आणि अनेकदा दहावीची परीक्षा अर्धवट राहते. पुढे दुखापत झाली किंवा संघात निवड झाली नाही, तर हातात गुणपत्रिकाच उपयोगी पडते. त्यामुळे खालील सोयींची माहिती पालकांनी वर्षाच्या सुरुवातीलाच करून घ्यावी.

1. परीक्षा आणि स्पर्धा एकाच दिवशी आल्यास

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ (सीबीएसई) अशा दहावी-बारावीच्या खेळाडूंची संबंधित विषयाची परीक्षा नंतर घेते. स्पर्धा राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय असावी आणि भारतीय क्रीडा प्राधिकरणाची (क्रिकेटसाठी बीसीसीआयची) शिफारस जोडलेली असावी. विद्यार्थ्याने थेट अर्ज करायचा नसतो. शाळा मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे विनंती पाठवते. म्हणून स्पर्धेचे पत्र हाती येताच मुख्याध्यापकांना लेखी कळवा.

2. हजेरी कमी पडल्यास

सीबीएसईच्या परीक्षेस बसण्यासाठी 75 टक्के हजेरी लागते. राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतील सहभाग हे सूट मागण्याचे मान्य कारण आहे, मात्र कागदपत्रे आवश्यक आहेत. निवडपत्र, सहभाग प्रमाणपत्र आणि प्रवासाची तिकिटे एकाच फाइलमध्ये ठेवा.

3. राज्य मंडळाचे विद्यार्थी

प्रत्येक राज्य मंडळाचे नियम वेगळे आहेत. महाराष्ट्रात पात्र खेळाडूंना दहावी-बारावीत क्रीडा सवलतीचे गुण मिळतात. प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे जातो. लक्षात ठेवा, सवलतीचे गुण मिळाले म्हणजे परीक्षेची तारीख बदलून मिळेल असे नाही. या दोन स्वतंत्र बाबी आहेत.

4. नियमित शाळा शक्यच नसल्यास

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत (एनआयओएस) प्रवेश घेता येतो. माध्यमिक (दहावी) स्तरासाठी वय किमान 14 वर्षे पूर्ण असावे. या स्तरावर मराठी माध्यमही उपलब्ध आहे. परीक्षा वर्षातून दोनदा होतात. नोंदणी 5 वर्षे चालते व त्या काळात 9 संधी मिळतात. सगळे विषय एकदम द्यावे लागत नाहीत. स्पर्धांच्या हंगामात दोन विषय आणि पुढच्या सत्रात उरलेले, असे नियोजन करता येते. अभ्यास केंद्रावर संपर्क वर्ग भरतात. त्यांच्या तारखा केंद्रावरून आधीच घ्या.

5. वसतिगृहातील अभ्यासिका

क्रीडा वसतिगृहात प्रवेश घेताना मैदान आणि खुराक यांबरोबर पुढील गोष्टीही विचारा :

- मुले कोणत्या शाळेत जातात? शाळा आणि सरावाच्या वेळा जुळतात का?
- रोज ठरलेल्या वेळी अभ्यासिका भरते का? तिथे शिक्षक असतात का?
- शिबिराहून परतल्यावर बुडालेला भाग कोण शिकवते?
- गणित-विज्ञानात मागे पडलेल्या मुलांसाठी वेगळा वर्ग आहे का?

पहाटेच्या सरावाने दमलेले मूल रात्री उशिरा पुस्तक घेऊन बसले, तर त्याला झोप येणारच. म्हणून अभ्यासिकेची वेळ सायंकाळच्या सरावानंतर विश्रांती देऊन आणि जेवणाच्या आसपास ठेवावी, अशी विनंती पालक करू शकतात.

महाराष्ट्राबाहेर राहून मराठी माध्यमात शिकणाऱ्यांना बालभारतीची पाठ्यपुस्तके ऑनलाइन मोफत मिळतात. दीक्षा ॲपवरही मराठी साहित्य आहे. प्रवासात मोबाइलवर ते वाचता येते.

6. पैशाची मदत

खेलो इंडियात निवड झालेल्या खेळाडूसाठी वर्षाला 6.28 लाख रुपयांची तरतूद आहे. त्यापैकी 1.20 लाख रुपये किरकोळ खर्चाचा भत्ता म्हणून मिळतात. उरलेली रक्कम प्रशिक्षण, आहार, साहित्य अशा बाबींसाठी असते, ती रोख हातात येत नाही.

आता काय करावे?

- स्पर्धांचे वेळापत्रक आणि परीक्षेच्या तारखा शेजारी ठेवून पाहा.
- तारखा एकत्र येत असतील तर शाळेला लेखी अर्ज द्या व पोच घ्या.
- मंडळाच्या परिपत्रकातील अंतिम मुदत शाळेकडून विचारून घ्या. मुदत दरवर्षी बदलू शकते.
- प्रशिक्षक आणि वर्गशिक्षक यांची एकदा तरी भेट घालून द्या. बहुतेक अडचणी दोघांना एकमेकांचे वेळापत्रक माहीत नसल्याने होतात.