गॅलिलीय उपग्रह

गुरू या ग्रहाच्या आयो, यूरोपा, गॅनिमीड व कॅलिस्टो या चार सर्वांत मोठ्या उपग्रहांना मिळून हे नाव दिले जाते. इटालियन ज्योतिर्विद गॅलिलीओ यांना ७ जानेवारी १६१० रोजी दुर्बिणीतून गुरूलगत तीन प्रकाशबिंदू दिसले व आठवडाभरात चौथाही आढळला. त्यांची बदलती स्थाने रोज नोंदवून, हे तारे नसून गुरूभोवती फिरणाऱ्या खस्थ ज्योती आहेत, असे त्यांनी ओळखले. सध्याची नावे झीमोन मारिउस या जर्मन ज्योतिर्विदांनी १६१४ मध्ये प्रसिद्ध केली. गुरूचे नव्वदांहून अधिक उपग्रह आता ज्ञात आहेत. परंतु या चौघांनंतरचा मोठा उपग्रह ॲमल्थिया हा जेमतेम २५० किमी. लांबीचा आहे. गुरूचे तेज आड येत नसते, तर हे चारही उपग्रह निरभ्र रात्री नुसत्या डोळ्यांनी दिसू शकले असते. साध्या द्विनेत्री दुर्बिणीतून ते सहज पाहता येतात.

पृथ्वी फिरत असती, तर चंद्र मागे पडला असता, असा आक्षेप त्या काळी घेतला जाई. गुरू फिरतो हे सर्वांस मान्य होते आणि तो तर चार चंद्र बरोबर नेत होता. या शोधाने कोपर्निकस यांची सूर्यकेंद्रीय उपपत्ती सिद्ध झाली, असे पुष्कळदा लिहिले जाते, ते बरोबर नाही; तिच्यावरील एक प्रमुख आक्षेप मात्र त्यामुळे निकालात निघाला. आयोला गुरूच्या छायेत लागणारी ग्रहणे पृथ्वी गुरूपासून दूर जात असताना उत्तरोत्तर उशिरा दिसतात. प्रकाशाला अंतर तोडण्यास वेळ लागतो, हेच याचे कारण होय, असे डॅनिश ज्योतिर्विद ओले रमर यांनी १६७६ मध्ये दाखविले. प्रकाशाचा वेग सांत असल्याचा हा पहिला समाधानकारक पुरावा होय.

आयो गुरूपासून सु. ४,२२,००० किमी. अंतरावर, म्हणजे चंद्र पृथ्वीपासून जितका दूर आहे त्याहून थोडाच अधिक दूर आहे. तथापि चंद्राला एका प्रदक्षिणेस २७·३ दिवस लागतात, तर आयोला १·७७ दिवसच पुरतात. गुरूचे वस्तुमान पृथ्वीच्या सु. ३१८ पट असल्याचा हा परिणाम आहे. यूरोपाला ३·५५, गॅनिमीडला ७·१५ व कॅलिस्टोला १६·६९ दिवस लागतात. पहिल्या तिघांचे आवर्तकाल १ : २ : ४ या प्रमाणात आहेत, हा केवळ योगायोग नव्हे. ठराविक काळाने एकमेकांजवळून जाताना हे उपग्रह परस्परांना खेचतात व त्यामुळे आयोची कक्षा पूर्ण वर्तुळाकार होऊ शकत नाही. परिणामी आयोचे गुरूपासूनचे अंतर सतत कमीजास्त होते, गुरूच्या भरती-ओहोटीकारक प्रेरणेने त्याचे घन शरीर आलटून पालटून ताणले जाते आणि अंतर्गत घर्षणाने तापते.

ही उष्णता आयोचा अंतर्भाग वितळविण्यास पुरेशी असावी, असे भाकीत स्टॅन्टन पील, पॅट्रिक कॅसेन व रे रेनल्ड्स यांनी २ मार्च १९७९ रोजी प्रसिद्ध केले. तीनच दिवसांनी व्हॉयेजर–१ हे अवकाशयान गुरूजवळून गेले आणि त्याने घेतलेल्या छायाचित्रांत आयोच्या कडेवर ज्वालामुखीचा फवारा आढळला. ग्रहविज्ञानात भाकीत व पडताळा इतक्या लगोलग आल्याची उदाहरणे विरळाच. आयोवर चारशेहून अधिक जागृत ज्वालामुखी असून काही फवारे सु. ३०० किमी. उंच जातात. गंधकाच्या संयुगांमुळे पृष्ठ पिवळे-तांबडे दिसते. लाव्ह्याचे थर सतत साचत असल्याने तेथे एकही आघात-विवर आढळलेले नाही. शिलारसाचा सलग महासागर पृष्ठाखाली थोड्या खोलीवर असावा, ही कल्पना मात्र जूनो यानाने डिसेंबर २०२३ व फेब्रुवारी २०२४ मध्ये जवळून केलेल्या मापनांवरून टिकत नाही.

यूरोपावर (व्यास ३,१२२ किमी.) हीच प्रेरणा सौम्य प्रमाणात कार्य करते. त्याचे बर्फाच्छादित पृष्ठ विलक्षण सपाट व भेगांनी विणलेले असून भूवैज्ञानिक दृष्ट्या तरुण आहे. १९९५ ते २००३ या काळात गुरूभोवती फिरणाऱ्या गॅलिलीओ यानाने केलेल्या चुंबकीय मापनांवरून बर्फाखाली खाऱ्या पाण्याचा महासागर असल्याचे अनुमान केले जाते. त्यातील पाणी पृथ्वीवरील सर्व महासागरांच्या सु. दुप्पट असावे. सूर्यप्रकाश न पोहोचणाऱ्या अशा पाण्यात जीवसृष्टी संभवते काय, हा प्रश्न इतका गंभीरपणे घेतला गेला की, यानावरील पृथ्वीचे सूक्ष्मजंतू यूरोपावर पोहोचू नयेत म्हणून ते यान २१ सप्टेंबर २००३ रोजी गुरूच्या वातावरणात नेऊन नष्ट करण्यात आले.

गॅनिमीड (व्यास ५,२६८ किमी.) हा सूर्यकुलातील सर्वांत मोठा उपग्रह बुध ग्रहाहूनही मोठा आहे, परंतु त्यात बर्फ पुष्कळ असल्याने त्याचे वस्तुमान बुधाच्या निम्म्याहून कमी भरते. स्वतःचे चुंबकीय क्षेत्र असलेला हा एकमेव ज्ञात उपग्रह होय. कॅलिस्टो या अनुस्पंदनाबाहेर आहे. त्याला अंतर्गत उष्णता फारशी लाभली नाही, म्हणून त्याच्या पृष्ठावर प्राचीन आघात-विवरे दाटीने टिकून आहेत.

यूरोपा क्लिपर हे यान १४ ऑक्टोबर २०२४ रोजी प्रक्षेपित झाले असून २०३० मध्ये ते गुरूजवळ पोहोचेल, अशी योजना आहे. यूरोपाच्या परिसरातील तीव्र प्रारण टाळण्यासाठी ते त्याच्याभोवती न फिरता गुरूभोवतीच्या लांबट कक्षेतून सु. पन्नास वेळा त्याच्याजवळून जाईल. एप्रिल २०२३ मध्ये सोडलेले यूरोपीय ज्यूस हे यान २०३४ च्या अखेरीस गॅनिमीडभोवतीच्या कक्षेत शिरावयाचे आहे.