ऊन आणि लोकर

(मेंढ्यांच्या आरोग्याशी सूर्यप्रकाशाचा काय संबंध आहे, हे या पाठात सांगितले आहे.)

उर्दूत ‘ऊन’ म्हणजे मेंढीच्या अंगावरचे केस. त्यांना मराठीत ‘लोकर’ म्हणतात. मराठीत ‘ऊन’ म्हणजे धूप. मेंढीच्या जीवनात या दोन्ही गोष्टींचे नाते जवळचे आहे.

पिके निघाली, की दर्यापूर, अकोट, बाळापूरकडच्या मोकळ्या शेतांत धनगरांचे कळप दिसतात. शेतकरी रात्री मेंढ्या शेतात बसवून घेतो. त्यामुळे शेताला खत मिळते. दिवसा मेंढ्या उन्हात चरतात. तेव्हा गवताबरोबर त्यांना आणखी एक गोष्ट मिळते. ती म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्व.

सूर्यप्रकाशात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. ते कातडीवर पडले, की तेथे ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते. दाट लोकर हे किरण अडवते. म्हणून तोंड, कान अशा उघड्या भागांना ऊन लागणे महत्त्वाचे असते. लोकर कातरली, की बाकीच्या अंगालाही ऊन लागते. उन्हात वाळवलेल्या चाऱ्यातूनही हे जीवनसत्त्व थोडे मिळते.

त्यामुळे हाडे बळकट होतात. ते कमी पडले, तर कोकरांना मुडदूस होतो. रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही ते लागते.

सूर्य जितका खाली, तितके हे किरण कमी. २२ डिसेंबरला भर दुपारी अमरावतीत आपली सावली साधारण आपल्या उंचीएवढी पडते. त्याच दिवशी लंडनमध्ये ती साडेतीन पटींहून लांब असते. म्हणून तिकडे हिवाळ्यात हे जीवनसत्त्व घटते. स्कॉटलंडजवळच्या सेंट किल्डा बेटांवरील रानमेंढ्यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. उन्हाळ्याच्या शेवटी ज्यांच्या रक्तात हे जीवनसत्त्व अधिक होते, त्यांना पुढच्या वसंतात अधिक कोकरे झाली.

वऱ्हाडात हिवाळ्यातही ऊन भरपूर असते. येथे अडचण पावसाळ्याची. आभाळ भरलेले असते. काळ्या मातीचा चिखल होतो. कोकरे ओल्या, अंधाऱ्या जागी कोंडली जातात. ओलीत जंत आणि रोगजंतू वाढतात. म्हणजे ऊन कमी मिळते, तेव्हाच रोगांचा जोर असतो. चार कोकरे दगावली, तरी गरीब धनगराचे मोठे नुकसान होते.

म्हणून उघडीप मिळताच कोकरांना बाहेर काढावे. वाडा कोरडा ठेवावा. वाळलेला चारा साठवावा. मात्र ऊन हे लसीची जागा घेत नाही. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस टोचून घ्यावीच. जीवनसत्त्वाचे औषधही पशुवैद्यकाला विचारूनच द्यावे. ते जास्त झाले, तर अपाय होतो.

माणसांसाठीच्या ‘ड’ जीवनसत्त्वाच्या अनेक गोळ्या लोकरीच्या चरबीपासूनच बनतात. कारखान्यात त्या चरबीतील पदार्थावर अतिनील किरण सोडतात. मेंढीच्या कातडीवर सूर्य जे काम करतो, तेच काम तेथे दिवे करतात.

शब्दार्थ
मुडदूस – हाडे मऊ व वाकडी होण्याचा रोग
उघडीप – पाऊस थांबून ऊन पडणे
दगावणे – मरणे

स्वाध्याय
१. दाट लोकरीमुळे कोणती अडचण येते?
२. पावसाळ्यात कोकरांची काळजी कशी घ्यावी?
३. मराठी व उर्दूत अर्थ वेगळा असलेले आणखी दोन शब्द शोधा.