प्रयोगशाळा आणि कारखाना

लक्ष्मी आणि सरस्वती एका घरी नांदत नाहीत, असे आपल्याकडे म्हणतात. विद्वानाने व्यापारात पडू नये, हा त्यातील गर्भितार्थ. हा समज कितपत खरा, हे पाहण्यासाठी आपणांस सिकंदराबादेहून फार दूर जावयास नको. तारनाक्यापर्यंत गेले तरी पुरे.

तेथे भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था आहे. १९८५ ते १९९५ या काळात डॉ. ए. व्ही. रामाराव तिचे संचालक होते. ते मूळचे गुंटूरचे. परंतु त्यांचे रसायनशास्त्राचे उच्च शिक्षण झाले ते मुंबईत आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत. निवृत्तीच्या वर्षीच, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांनी 'अव्रा लॅबोरेटरीज' ही स्वतःची कंपनी काढली.

अशा कार्यास साह्य कशाचे होते? प्रथम, कारखानदारांशी असलेल्या परिचयाचे. एड्सवरील झिडोव्हुडिन या औषधाची कृती रामाराव यांनी संस्थेत असतानाच सिप्ला कंपनीसाठी सिद्ध केली होती. दुसरे साह्य कायद्याचे. १९७० च्या पेटंट कायद्यान्वये २००५ पर्यंत आपल्या देशात औषधावर नव्हे, तर ते बनविण्याच्या कृतीवरच पेटंट मिळे. त्यामुळे नवी कृती शोधणाऱ्याच्या विद्येस मोल आले.

अडथळेही थोडे नसतात. काचपात्रात चिमूटभर पदार्थ सिद्ध करणे निराळे आणि कारखान्यात तोच मणांनी काढणे निराळे. भांडे मोठे झाले की आतील द्रव्य जितके वाढते, तितका भांड्याचा पृष्ठभाग वाढत नाही. उष्णता आतच कोंडते आणि प्रयोग फसतो. पुढे भांडवलाचा प्रश्न येतो. डोक्यातील कल्पना तारण ठेवून कर्ज मिळणे कठीण. शिवाय संशोधकाची थोरवी निबंधांवरून मोजली जाते, मालाच्या खपावरून नव्हे. सर्वांत मोठी अडचण नियमांची. सरकारी संस्थेतील शास्त्रज्ञांना आपल्या शोधावर उभारलेल्या उद्योगात भागीदार होण्याची वाट सरकारने मोकळी केली ती २००९ साली. तोपर्यंत किती कल्पना निवृत्तीची वाट पाहत वहीतच राहिल्या असतील!

तात्पर्य, दोष लक्ष्मीचा नाही व सरस्वतीचाही नाही. दोघींमधील दार आपणच लावून घेतो. विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमच्या हातून एखादा शोध लागला, तर तो लोकांच्या घरापर्यंत कसा पोहोचेल, याचाही विचार करा. आणि वडीलधाऱ्यांनो, घरातील हुशार मुलाने किंवा मुलीने नोकरीऐवजी उद्योगाची गोष्ट काढली, तर नकार देण्यापूर्वी तिचे म्हणणे, त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्या.